रुंद झालेला रस्ता कोणाला द्यायचा? छत्रपती संभाजीनगरच्या पुढच्या वीस वर्षांच्या वाहतुकीसाठी

मोंढानाका (धागाकर्ता)

२०२५ मध्ये महापालिकेने मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड या भागांतली रस्त्याकडेची बांधकामं हटवली. ज्यांची घरं-दुकानं गेली त्यांनी फार मोठी किंमत मोजलीय. म्हणूनच मोकळी झालेली जागा नुसतं डांबर ओतून संपवायची, हे मला पटत नाही. आत्ताच तिची वाटणी कागदावर आणि जमिनीवर पक्की केली नाही, तर वर्षभरात तिथं गाड्या लागतील, मग हातगाड्या, मग टपऱ्या, आणि ये रे माझ्या मागल्या.

२०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणेबारा लाख माणसं होती. नंतर शहर पूर्वेला शेंद्र्याकडे, पश्चिमेला वाळूजकडे आणि दक्षिणेला बायपास ओलांडून सातारा-देवळाईत पसरलं. कामाच्या जागा दोन टोकांना, दवाखाने, कोर्ट आणि बाजार मधे. या सगळ्याला जोडणारा धड रस्ता एकच, जालना रोड. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, इतक्या ठिकाणी उड्डाणपूल झाले तरी पुलाखालचा चौक तुंबतोच. पूल सरळ जाणाऱ्याला पुढच्या सिग्नलपर्यंत लवकर पोचवतो. वळणारा, चालणारा आणि बसची वाट बघणारा खालीच अडकतो.

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ सालचं आहे. रस्त्याची जागा गाड्या मोजून नाही, माणसं मोजून वाटा, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. ३० मीटर रुंदीच्या रस्त्यावर ही वाटणी मी अशी करीन: मधे दीड मीटरचा दुभाजक. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६.७५ मीटर गाडीरस्ता, त्यात आतली लेन ३.२५ आणि कडेची, बससाठीची, ३.५. त्याला लागून अडीच मीटरचा पट्टा. झाडं, दिव्यांचे खांब, बसथांबा, रिक्षा स्टँड, विजेची डीपी सगळं त्यातच. मग अर्धा मीटर मोकळा, दोन मीटर सायकल, आणि शेवटी घरांच्या बाजूला अडीच मीटर सलग पदपथ. बेरीज करून बघा, एका बाजूचे बरोबर १५ मीटर होतात.

सायकलची जागा मुद्दाम थांब्याच्या मागे ठेवलीय. ती गाडीरस्त्याला चिकटून ठेवली की बसमधून उतरणारा माणूस थेट सायकलीपुढे येतो, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिथं चारचाकी लागतात.

चर्चा हवीय ती एवढ्यासाठी, की या आराखड्यात काय बिघडेल ते आधीच कळावं.

खामकाठ

आराखडा चांगला आहे. पण आपल्याकडे रस्त्याची वाट लागते ती जमिनीखालून, तेव्हा आधी तिकडचं बोलू.

जायकवाडीहून २५०० मिमी व्यासाची नवी मुख्य जलवाहिनी पैठण रोडने आणली गेली. तिच्या पाण्यासाठी शहरात अंतर्गत वाहिन्या, त्यामागून घरोघरच्या जोडण्या. ड्रेनेज, पावसाळी गटार, महावितरणच्या केबल, गॅस आणि इंटरनेटवाले वेगळेच. आधी रस्ता आणि मग पाइप, म्हणजे वरातीमागून घोडं. रस्त्याच्या निविदेआधी सगळ्या खात्यांचा एकत्र नकाशा हवा आणि प्रत्येक वाहिनीला तिची जागा हवी. पाणी आणि केबल अडीच मीटरच्या पट्ट्याखाली, पावसाळी गटार पदपथाच्या कडेखाली. बस लेनखाली शक्यतो काहीच नको. चेंबरचं झाकण बसच्या चाकाखाली आलं की त्याची चौकट वर्षभरात खिळखिळी होते. मग ड्रायव्हर ती चुकवायला लेन सोडतो, आणि लेन फक्त रंगापुरती राहते.

दर ५० ते १०० मीटरवर रस्ता आडवा ओलांडणारे रिकामे पाइप आधीच टाकून ठेवा. खर्च किरकोळ आहे. ते नसतील तर समोरच्या बाजूच्या एका जोडणीसाठी नवा रस्ता चिरतात, वरून माती लोटतात आणि पहिल्या पावसात तिथं घळ पडते. चरी भरायच्या तर १५०-२०० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून आणि धुम्मस करून.

दुसरं, जमीन. शहराच्या बऱ्याच भागात मुरूम वर आहे, पण बायपासच्या पलीकडे आणि शेंद्रा-बिडकीनकडे काळी माती लागते. ओली असताना तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलायच्या ताकदीचं माप, दोन-तीन टक्क्यांवर येतो. ती फुगते, आकसते आणि वरचा रस्ता लांबीने फाटतो. तिथं वरची काळी माती काढून निदान ५०० मिमी चांगला मुरूम थरांनी दाबून भरावा लागतो. शिवाय पाणी आत शिरणार नाही अशी कडेची गटारं हवीतच.

बसथांब्यापुढे डांबर नकोच. बस रोज त्याच जागी ब्रेक मारते आणि त्याच जागी उभी राहते. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात मऊ पडलेलं डांबर पुढं सरकून लाटा तयार होतात. थांब्याच्या लांबीत आणि अलीकडे ब्रेक लागतो तिथं मिळून तीस-चाळीस मीटर एम-४० प्रतीचं मजबूत काँक्रीट टाकलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

रिक्षास्टँड

कडेची बस लेन टिकणार नाही. जालना रोडवर शेअर रिक्षा हीच खरी सार्वजनिक वाहतूक आहे, आणि ती कडेलाच थांबते. तिला हाकलून लावलंत तर लोकांचेच हाल.

मोंढानाका

हाकलायचं नाहीच. अडीच मीटरचा पट्टा त्यासाठीच ठेवलाय. रिक्षा साधारण १.३-१.४ मीटर रुंद असते, त्या पट्ट्यात ती आरामात मावते आणि वर झाडही राहतं. स्टँड कुठं, हे महत्त्वाचं. चौकाच्या अलीकडे स्टँड किंवा थांबा ठेवला की डावीकडे वळणारा अडतो आणि सिग्नल हिरवा असून वाया जातो. बसथांबा चौक ओलांडून पुढे, आणि रिक्षाची जागा थांब्याच्याही पुढे वीस-पंचवीस मीटरवर. उतरलेला माणूस पुढे चालत जाऊन रिक्षात बसेल, आणि बसला मागून येताना वाट मोकळी मिळेल.

तरी तुमचा मुद्दा निम्मा मान्य. ३० मीटरच्या रस्त्यावर कडेची लेन सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांपुरतीच राखावी. ४५ किंवा ६० मीटर मिळतात तिथं बस मधोमध, दुभाजकाला लागून चालवावी. तिथं रिक्षाचा, पार्किंगचा आणि डाव्या वळणाचा त्रासच नाही.

फेरीवेळ

मधोमध बस चालवायची तर अर्धवट नको. पुण्यात २००६ साली सातारा रोडवर सुरुवात झाली. लेन सलग नव्हती, थांब्यापर्यंत जायला सुरक्षित वाट नव्हती. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा पट्टा २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला. अहमदाबादने २००९ मध्ये थांबे बंदिस्त केले, फलाट बसच्या तळाच्या उंचीला आणला, तिकीट बसच्या बाहेर. तिकीट बाहेर आणि फलाट समपातळीत असला की थांब्यावरचा वेळ निम्म्याच्या आसपास येतो. कमाई सगळी तिथंच आहे.

आता गाड्यांचा हिशेब, कारण 'बस वाढवा' एवढं म्हणून भागत नाही. वाळूज-बजाजनगर ते सिडको असा २२ किमीचा मार्ग धरू. गर्दीत सरासरी वेग ताशी १५ किमी असेल तर एका बाजूला ८८ मिनिटं. जाऊन-येऊन १७६, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं विसावा, एकूण १९६. दर दहा मिनिटांना बस हवी तर १९६ भागिले १०, म्हणजे २० बस. देखभालीसाठी दहा टक्के जादा, म्हणजे २२.

वेगळी लेन आणि सिग्नलवर बसला आधी वाट देऊन वेग २० वर नेला तर एका बाजूला ६६ मिनिटं, पूर्ण फेरी १५२, बस लागतात १६ आणि जादा दोन. तीच सेवा चार बस कमी लावून मिळते. चार बस, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर, डेपोतली जागा, सगळं वाचतं. रस्त्यावरचा पांढरा पट्टा बस खरेदीपेक्षा स्वस्त पडतो, हे स्थायी समितीत कोणी तरी मांडायला हवं.

केंद्राच्या नागरी सेवा मानकांत हजार लोकांमागे ०.६ बस हा वरचा दर्जा, ०.४ ते ०.६ हा त्याखालचा. आजची लोकसंख्या १५ लाख धरली तर ०.४ ने ६०० आणि ०.६ ने ९०० बस होतात. 'माझी स्मार्ट बस' २०१९ मध्ये सुरू झाली ती १०० बसच्या हिशेबाने. सहाशे एकदम येणार नाहीत, त्यामुळे असलेल्या गाड्या पंचवीस-तीस मार्गांवर पसरून दर तासाला एक बस देण्यात अर्थ नाही. तासाभराने येणाऱ्या बसवर कोणी भरवसा ठेवत नाही. पहिल्या टप्प्यात चार-पाच मार्ग, दर दहा मिनिटांना, सकाळी सहा ते रात्री अकरा. पुढचे मार्ग गाड्या येतील तसे.

वाळूजच्या पाळ्यांचं वेगळं गणित करावं लागेल. पाळी सुटते तेव्हा तासाभरात लोंढा येतो आणि उलट दिशेची बस रिकामी धावते. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस आहेत. छोट्या वर्कशॉपमधला कामगार मात्र मोटरसायकलवरच. दोन-तीन गटांत पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने मागेपुढे केल्या तर तीच बस दोन फेऱ्या मारते.

शहागंजकर

मेट्रोचं काय मग? शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि उड्डाणपूल एकावर एक, असा २८ किमीचा प्रस्ताव होताच की.

फेरीवेळ

गर्दी किती आहे त्यावर ठरवा. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या नागरी वाहतूक कार्यगटाने मेट्रोसाठी निकष सुचवले होते: गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० प्रवासी, शहराची लोकसंख्या २० लाख. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर बाकी पर्याय तपासल्याशिवाय प्रस्तावच आणू नका म्हटलं, आणि समाजाला मिळणारा आर्थिक परतावा १४ टक्के दाखवायला सांगितला.

१२ मीटरच्या बसमध्ये ७० माणसं धरा. १५,००० माणसं म्हणजे तासाला २१४ बस, दर १७ सेकंदांना एक. हे एका लेनच्या आवाक्याबाहेर आहे, तिथं मेट्रोच हवी. पण दर मिनिटाला एक बस म्हणजे ४,२०० माणसं, आणि इतकी बस लेन सहज नेते. आज आपण दर मिनिटाला एकच्या जवळपासही नाही. आधी बसने गर्दी गोळा होऊ द्या. वीस वर्षांनी आकडा वर गेला तर त्याच मधल्या पट्ट्यावर मेट्रोचे खांब उभे राहतील, फक्त आज तिथं नवे उड्डाणपूल उभारून ती जागा अडवू नका. दुमजली पुलाचा खांब दुभाजकात अडीच-तीन मीटर खातो. त्यात वर गाड्यांसाठी चढ-उताराचे रॅम्प आले की खालचा रस्ता त्या लांबीत दोन्हीकडून आवळला जातो.

रेल्वेरुळ

रेल्वे कोणीच काढली नाही. चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मुख्य स्थानक असे तीन थांबे शहरात आहेतच, पुढं करमाड, बदनापूर, जालना. अडचण एकेरी मार्गाची. मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या काढून उरलेल्या वेळात लोकल बसवायची, तर समोरच्या गाडीसाठी स्टेशनात थांबणं आलंच. मनमाडकडून दुहेरीकरण चालू आहे, ते जालन्यापर्यंत पोचलं की सकाळ-संध्याकाळ जालना-संभाजीनगर शटल शक्य होईल. आत्ता करण्यासारखं काम मुकुंदवाडी स्थानकाबाहेर आहे: बस वळायला जागा, दिवे आणि जालना रोडपर्यंत धड पदपथ.

भाडकलदरवाजा

जुन्या शहराला वरचा ३० मीटरचा आराखडा लागूच होत नाही. मकाई, बारापुल्ला, महमूद दरवाजा, सगळ्या कमानी मध्ययुगीन मापाच्या. कमानीतून एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते, आणि अवजड गाडीने दगडी सांधे हलतात. दरवाजांच्या दोन्ही बाजूंना उंची अडवणारी लोखंडी चौकट हवी आणि पर्यायी पूल असेल तिथं कमान फक्त चालणाऱ्यांसाठी.

पैठण गेट ते शहागंज अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. हे चालायचं शहर आहे. गुलमंडी-सिटी चौक-शहागंज असा सात मीटर लांबीच्या छोट्या बसचा एकेरी फेरा पुरे. मोठी बस औरंगपुऱ्यात गच्च अडकते. मालाच्या गाड्यांना रात्री दहा ते सकाळी आठ एवढीच वेळ द्यावी. व्यापाऱ्यांचा विरोध असतो तो वेळेला कमी आणि माल उतरवायला जागा न ठेवण्याला जास्त. म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो मावतील एवढी आखलेली जागा आधी द्या, मग बंदी घाला.

आणि पार्किंग. एक चारचाकी उभी राहायला अडीच बाय पाच मीटर लागतं, वळण्याची जागा धरली तर पंचवीस चौरस मीटरच्या आसपास. एवढ्या जागेत बाजारात एक दुकान चालतं. ती फुकट काहून द्यायची? तासानुसार दर लावावा, आणि जमलेला पैसा त्याच वॉर्डच्या पदपथासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. सामान्य निधीत गेला की दिसेनासा होतो.

ज्योतीनगर

चालणाऱ्यांसाठी एक ठोस गोष्ट सांगते. सिग्नलचा हिरवा वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हातारी माणसं, गरोदर बाया, हातात लेकरू असलेल्या आया ०.९ ने चालतात. सहा लेनचा रस्ता दुभाजकासह २४ मीटर धरला, तर १.२ ने वीस सेकंद आणि ०.९ ने सत्तावीस. ते सात सेकंद म्हणजे मधे अडकलेला माणूस. सत्तावीस सेकंद देता येत नसतील तर दुभाजकात दीड मीटर रुंद, रस्त्याच्या पातळीत कापलेली थांबायची जागा द्या आणि दोन टप्प्यांत ओलांडू द्या. आपल्याकडे दुभाजक सलग बांधून वर लोखंडी जाळी लावतात, मग लोक जाळी वाकवून जातात.

पदपथ १५० मिमीपेक्षा उंच नको. प्रत्येक गेटपाशी तो कापून खाली आणतात, म्हणून चालणारा सतत चढतो-उतरतो आणि कंटाळून रस्त्यावर येतो. गाडीने चढून जावं, पदपथ सपाट राहावा. त्यासाठीचा उतार झाडांच्या पट्ट्यात बसतो. मोटरसायकली अडवायला खांब लावाल तेव्हा दोन खांबांत निदान एक मीटर ठेवा. व्हीलचेअर अडली तर काही उपयोग नाही.

सावली नसेल तर एप्रिल-मे मध्ये पदपथ ओस पडतो. गुलमोहर वादळात मोडतो. कडुनिंब, करंज चांगले. खड्डा एक मीटर घनाचा, आणि बुंध्याभोवती काँक्रीट अजिबात नाही.

डेपो_चार्जिंग

ई-बसबद्दल थोडं. पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मधली, १०,००० बसची. पैसे किलोमीटरमागे मिळतात. त्यामुळे बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचं बिल निघतं. करारात वेळेवर सुटणं, वाटेत बंद पडणं, थांबा न घेता जाणं यांना दंड हवा आणि जीपीएसची नोंद महापालिकेच्या ताब्यात हवी.

बस दिवसाला २०० किमी धावते आणि एसीसह किलोमीटरला १.१ युनिट खाते असं धरा, म्हणजे २२० युनिट. ५० बसला ११,००० युनिट. रात्री अकरा ते पाच सहा तासांत भरायचे तर १,८०० किलोवॅटच्या वर, घट धरून दोन मेगावॅट. हे साध्या जोडणीवर होत नाही, उच्चदाब वाहिनी आणि स्वतःचं उपकेंद्र लागतं. त्याला महिने लागतात, आणि इथंच घोडं पेंड खातं. बस आधी येऊन उभ्या राहतात, वीज मागून येते. दुपारी एक ते तीन गाड्या कमी लागतात तेव्हा थोडं चार्जिंग केलं तर रात्रीचा भार हलका होतो. उन्हाळ्यात एसी जोरात चालतो, म्हणून बॅटरीत वीस टक्के राखून मार्ग आखायचे.

डेपो गावाबाहेर स्वस्त जागेत टाकायचा मोह होतो. मार्गापासून आठ किमी लांब डेपो म्हणजे एका बसचे रोज जाऊन-येऊन १६ किमी रिकामे, ५० बसचे ८००. ही रक्कम दहा वर्षं मोजावी लागते. पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक छोटा डेपो बरा.

लातूरवाडीचा

आमच्या लातूरला, परभणीला यातलं काय लागू पडतं? इकडं लोक हेच विचारू लालेत.

गोदाकाठ_नांदेड

नांदेडचा अनुभव बघा. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेत मराठवाड्यातलं नांदेडच होतं, आणि २००८ च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या सुमारास पदपथ, सायकल मार्ग, झाडं असं सगळं घेऊन रस्ते झाले. बांधणं जमलं, सांभाळण्याची तरतूद मात्र बांधकामाच्या करारातच हवी: पाच वर्षं फरशी, दिवे, झाडं ठेकेदाराकडे, आणि अतिक्रमण काढायला वॉर्डनिहाय नेमलेला एक माणूस. लातूर, परभणीएवढ्या शहराला वेगळी बस लेन लागत नाही. नऊ मीटरच्या बस, दर पंधरा मिनिटांना दोन-तीन सरळ मार्ग, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सिव्हिल हॉस्पिटल आणि कॉलेज जोडणारे. बाकी पैसा पदपथावर.

खामकाठ

एक मोठी गाठ सुटायची राहिली. वाळूज महानगर सिडकोने वसवलं, कारखाने एमआयडीसीत, आजूबाजूला ग्रामपंचायती, शेंद्रा-बिडकीन ऑरिक या औद्योगिक शहराकडे, रस्ते कुठं सार्वजनिक बांधकामचे, कुठं राष्ट्रीय महामार्गाचे. जालना रोडवर लेन रंगवायची तर परवानगी किती जणांची? मेट्रो धोरणाने सुचवलेलं एकत्रित महानगर वाहतूक प्राधिकरण मेट्रो नसली तरी हवं. त्याच्या हातात मार्ग, तिकीट दर आणि सिग्नल ही तीन कामं आणि स्वतःचा निधी हवा. नुसती समन्वय समिती केली तर तिच्या बैठका होतील आणि इतिवृत्त निघेल.

रिक्षास्टँड

आमच्या वॉर्डात रस्त्याचं काम निघतंय. हरकत नोंदवायला काय मागायचं?

मोंढानाका

तीन कागद मागा. पहिला, रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रुंदीत कशाला किती जागा ते दाखवणारं चित्र, आणि तो 'नमुना छेद' नको. दर २० मीटरवरचा प्रत्यक्ष छेद मागा. नमुन्यात पदपथ अडीच मीटर असतो आणि जागेवर डीपीपाशी ऐंशी सेंटीमीटर उरतो. दुसरा, जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा, त्यावर पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि महावितरण तिघांच्या सह्या. तिसरा, अंदाजपत्रक, त्यात पदपथ, गटार, झाडं, थांबे यांच्या बाबी वेगळ्या ओळीत आहेत का बघा. त्या 'इतर कामे' मध्ये एकरकमी टाकल्या असतील तर पैसे संपल्यावर सगळ्यात आधी त्याच गळतात. कामाचा क्रमही लिहून घ्या: आधी गटार आणि वाहिन्या, मग कडेचे दगड आणि पदपथ, डांबर सगळ्यात शेवटी. डांबर आधी झालं की गाड्या धावायला लागतात आणि पदपथाचं काम कोणी पुरं करत नाही.

हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि छेदाचा साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लिहून द्या. 'रस्ता चांगला करा' अशा अर्जाला उत्तर येत नाही. 'साखळी क्रमांक अमुकवर पदपथ १.८ मीटरपेक्षा कमी पडतो, भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०३ प्रमाणे दुरुस्त करा' असं लिहिलं की अभियंत्याला उत्तर द्यावंच लागतं.